वरचे दात, खालचा ओठ

मी प्रभंजनला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो निम्माच दिसत होता. त्या वर्षी जुलैत सगळेच निम्मे दिसायचे. नाकाखालचं सगळं मास्कमध्ये. आपण डोळे बघायचे आणि उरलेला चेहरा आपल्या मनानं बसवून घ्यायचा. त्याचे डोळे चांगले होते, म्हणून मी खालचा भागही जरा वरच्या प्रतीचाच बसवला.

जुन्या हुबळीतल्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर झिमझिम चालू होती. लसीसाठी नाव नोंदवायला ताडपत्रीखाली रांग लागली होती. प्रत्येकाला नंबर माझ्याकडूनच हवा होता, जणू लस मीच घरी चुलीवर आटवत होते. त्या रांगेतून एक ओला कागद पुढे आला.

"अक्का, ह्याच्या दोन कॉप्या."

अक्का! आमच्या गावात भाजीवालीपासून डॉक्टरीणबाईपर्यंत सगळ्याच अक्का असतात, मला मान्य आहे. पण असे डोळे, आणि वर अक्का... मी कागद मशीनवर जरा आपटूनच ठेवला. बायोडेटा होता. राहणार केलगेरी, धारवाड. अविवाहित. हे मी मुद्दाम वाचलं नाही, ते डोळ्यांसमोर आलं. तिसऱ्या ओळीत होतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"येस सर... येस, बायोडेटा पाठवतोय सर... व्हेरी इंटरेस्टेड इन — हॅक्सीन ट्रान्सपोर्ट."

'हॅक्सीन'पाशी बारीक शिट्टी वाजली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यानं तोच शब्द पुन्हा म्हटला. पुन्हा शिट्टी. रांगेतल्या एका आजोबांनी मागे वळून कुकर शोधला.

फोन ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. परीक्षेत पेन संपलेल्या मुलासारखा.

"गुरुवारी इंटरव्ह्यू आहे," तो म्हणाला. "लस ठेवायची आणि पोचवायची कंपनी आहे. आणि मला नेमका तेवढाच शब्द येत नाही."

"मग शिका की."

"कुणाकडून?"

"गोऱ्यांकडून."

मी धारवाडला इंग्रजीत एम.ए. करत होते, म्हणजे धारवाड माझ्या फोनमध्ये होतं आणि मी दुकानात. त्या नादात मला एक वेबसाइट सापडली होती. तिच्यात शब्द टाकायचा. मग जगभरातले इंग्रजी बोलणारे एकामागून एक व्हिडिओत येतात आणि तो शब्द असलेलं वाक्य म्हणून दाखवतात. बटण दाबलं की पुढचा गोरा. दमत नाहीत, चहा मागत नाहीत.

"दुपारी दोननंतर या," मी कोरडेपणानं म्हणाले. "गिऱ्हाईक नसतं. माझे वडील असतात, अप्पा. आणि एक अट, मला अक्का म्हणायचं नाही. उच्चार बिघडतो."

"मग काय म्हणू?"

"कौसल्या."

"हे तर अक्कापेक्षा मोठं झालं."

"आणि तुमचं नाव प्रभंजन. म्हणजे वादळ. वादळ कागद भिजवून आलंय, ते आधी बघा."

त्याच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. हसला असावा. खात्री करायला काहीच साधन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो चिगरी नावाच्या जलद बसनं धारवाडहून हुबळीला आला आणि वेळेआधी दारात उभा राहिला. मी शब्द टाकला. पहिली आली इंग्लंडची एक डॉक्टरीणबाई. मग ऑस्ट्रेलियातला एक मुलगा, तो गाईंच्या लसीबद्दल बोलत होता. मग अमेरिकेतले एक गृहस्थ, लसीच्या नावानं बोटं मोडत होते. त्यांचं काही ऐकू नका, पण उच्चार निर्दोष होता.

"आता तुम्ही."

"हॅक्सीन." शिट्टी.

"वरचे दात खालच्या ओठावर टेकवा. अलगद."

"टेकवले."

"नाही टेकवलेत."

"तुम्हाला कसं दिसतंय?"

"दिसत नाही. ऐकू येतंय."

मी माझ्या मास्कवर बोट ठेवून जागा दाखवली. इथे वरचे दात, इथे खालचा ओठ. तो त्या बोटाकडे इतक्या लक्षपूर्वक बघत राहिला की पुढचं वाक्य मी विसरले... बटण दाबलं. इंग्लंडची डॉक्टरीणबाई पुन्हा आली आणि तिनं सावरून घेतलं.

त्याचा प्रश्न गुरुवारचा होता. माझा प्रश्न त्याच्यापेक्षा अवघड होऊन बसला. हा माणूस मास्कच्या आत माझ्यासाठी हसतो, की ते डोळेच तसे आहेत?

चारेक दिवसांत एक आश्चर्य घडलं. शब्द आला — अप्पांना! अप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत तोंडावर पेपर घेऊन झोपायचे. झोपेतच त्यांच्या कानात सगळे गोरे उतरले असावेत. एका सकाळी आज लस नाही हे त्यांनी गिऱ्हाइकाला कन्नडमध्ये सांगितलं, "इवत्त व्हॅक्सीन इल्ल री," आणि मधला शब्द थेट लंडनहून आला. मागचेपुढचे हुबळीचेच. ते गिऱ्हाईक अदबीनं दोन पावलं मागे सरकलं. त्या दिवसापासून अप्पा तो शब्द गरज नसतानाही वापरू लागले. भाजीवालीलासुद्धा.

प्रभंजनची शिट्टी मात्र तिथेच.

"गुरुवार पुढं गेला," तो एक दिवस म्हणाला. "इंटरव्ह्यू पुढच्या गुरुवारी."

"अरेरे," मी म्हणाले. इतक्या आनंदानं कुणी अरेरे म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

पण एक गोष्ट मला खुपायला लागली. तो माझ्यासमोर काही खायचा नाही. चहा दिला — नको. मिरची भजी — नको. मंगळवारी मी स्वतः गिरमिट केलं. चुरमुऱ्यात चिंचगुळाचा मसाला, वर कांदा, शेव, कोथिंबीर, सगळं हातानं. ती प्लेट त्यानं माझ्याकडे हळूच परत सरकवली.

"पोट भरलंय."

"रोजच?"

"रोजच."

पेपराखालून अप्पांचा आवाज आला, "उपवास हाय काय रे?"

"होय, अप्पा."

"कुठला?"

"...गुरुवारचा."

"आज मंगळवार," अप्पा म्हणाले आणि परत घोरू लागले.

मी ती प्लेट उचलली. सगळा हिशेब मला एकदम लागला. मास्क दोन मिनिटं खाली करायला जो माणूस तयार नाही, त्याला इथं रमायचंच नाहीये. शब्द शिकायचा, बस धरायची. आणि शब्दही मन लावून शिकत नाही. मी मात्र रोज डोळ्यांच्या सुरकुत्या वाचत बसलेय...

"उद्यापासून येऊ नका," मी म्हणाले.

"का?"

"तुम्ही प्रयत्नच करत नाही. अप्पांना झोपेत आला हो तो शब्द! साधी गोष्ट आहे — वरचे दात, खालचा ओठ. सगळ्यांकडे असतं."

बाहेर ताडपत्रीवरून पाणी ठिबकत होतं. मग तो उठला, दारापाशी गेला... थांबला. परत आला, खुर्ची ओढून जरा लांब बसला आणि म्हणाला, "सगळ्यांकडे नसतं."

आणि त्यानं मास्क काढला.

वरचे समोरचे दोन दात. त्यांतला एक मुळापासून गेलेला होता. दुसरा निम्मा होता.



"वाफ घेत होतो," तो म्हणाला. "आमच्या आत्यानं सांगितलं, दिवसातून तीनदा घे, कोरोना जवळ येत नाही. डोक्यावर टॉवेल, खाली पितळी पातेलं. ऊब इतकी छान होती की... डुलकी लागली. मान खाली आली. पातेल्याचा काठ."

"आणि कोरोना?"

"नाही झाला. आत्या म्हणाली, बघ, गुण आला."

मी ओठ दाबून धरले. मास्क असल्यामुळे ते जमत होतं.

"दातांचे डॉक्टर तेव्हा फक्त ठणका असलेल्यांनाच बघत होते," तो पुढे म्हणाला. "मला ठणका नव्हता. फक्त जागा होती. मराठीतला 'व' असाच चालतो, ओठावर. कन्नडचाही चालतो. दात लागतात ते इंग्रजीलाच."

मग मात्र मला हसू आवरलं नाही. पोट धरून हसले. त्याचा चेहरा पडायच्या आत हात हलवून सांगितलं, तुमच्यावर नाही, तुमच्यावर नाही... इतके दिवस मी गोऱ्यांमागून गोरे आणून ह्या माणसासमोर उभे केले होते, आणि ह्याच्याकडे सामानच नव्हतं! छातीवरून भरलेलं पिंप उतरवून ठेवावं तसं हलकं वाटलं. माझ्या गिरमिटात दोष नव्हता. माझ्यातही नव्हता.

"आधी सांगायचं की!"

"कसं सांगू? तुम्ही पहिल्या दिवशी बघितलंत ते... खालचं सगळं व्यवस्थित असल्यासारखं बघितलंत."

हे खरं होतं. मी विषय बदलला.

"पण परवाच्या इंटरव्ह्यूचं काय? तिथे हा शब्द लागणारच."

तो टेबलाकडे बघू लागला. "इंटरव्ह्यू झाला."

"कधी?"

"मागच्या गुरुवारी. तारिहाळला, त्यांच्या गोदामात. सगळे मास्कमध्ये. नोकरी मिळाली. इथंच, हुबळीत."

"आणि तो शब्द?"

"तिथं कुणीच म्हणत नाही. सगळे 'माल' म्हणतात. साहेब म्हणाले, माल थंड राहिला आणि वेळेत पोचला की झालं."

मी हातातली प्लेट खाली ठेवली. "म्हणजे इंटरव्ह्यू पुढं गेला, हे—"

"खोटं."

"मग इतके दिवस धारवाडहून येऊन, ओठ दुखेपर्यंत हॅक्सीन हॅक्सीन... कशासाठी?"

"शब्द आला असता," तो हळूच म्हणाला, "तर उद्या कुठलं निमित्त काढून आलो असतो, कौसल्या?"

अहो नाही, जाहो नाही. नुसतं कौसल्या. ते नाव माझं आहे आणि ते बरं आहे, हे मला त्या दुपारी कळलं.

मी उठून दाराची दुसरी फळीही उघडली, वारा आत येऊ दिला. मग माझा मास्क काढला. आता नियमानं माझीच पाळी होती.

तो बघत राहिला. बराच वेळ.

"एवढं काय बघायलास?"

"मी वेगळं नाक धरलं होतं."

"कसलं?"

"जरा... रागीट."

"मग? हे चालेल?"

"नाक तुझं. मला काय विचारतेस?" तो म्हणाला आणि हसला. दीड दात कमी, तरी पूर्ण हसू. मी मनानं बसवलेला चेहरा मी तिथेच रद्द केला. त्याच्यात एवढी गंमत नव्हती.

मग त्यानं गिरमिटाची प्लेट ओढली आणि बाजूच्या दातांनी, तिरकं तिरकं, सगळी संपवली. वरची शेवही सोडली नाही. दोन दिवसांचा उपाशी असावा, किंवा प्रेमात. मी समोर बसून बघत होते.

"दात कधी बसवणार?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, बसवू सावकाश. घाई काय आहे?"

"काही नाही. लग्नाच्या फोटोआधी बसव म्हणजे झालं."

बोलून गेले आणि मग ऐकलं. कान गरम झाले. मास्क शोधायला हात गेला, तो कुठे ठेवला ते आठवेना.

"कुणाच्या लग्नाच्या?" प्रभंजननं विचारलं. त्याचेही कान लाल झाले होते.

मी छताकडे बघितलं. तो प्लेटकडे बघत होता.

कोपऱ्यातला पेपर जराही हलला नाही. त्याच्याखालून अप्पांचा शांत, पूर्ण जागा आवाज आला.

"काय ते लवकर ठरवा. लग्नाला शंभरच माणसं बोलवायचा सरकारी नियम हाय तोवर उरकू. नियम उठला की तुझे पाचही काका जेवायला येतील."