स्कॅनलच्या मयताला खांदा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, हे माझ्या सख्ख्या आजीच्या बाबतीत घडलंय. आयर्लंडातल्या केरी परगण्यात, १८८१ च्या नोव्हेंबरात. तेही दिवसाढवळ्या.

इंग्रज जमीनदारानं खंड थकला म्हणून कुलोटी आडनावाच्या बापाला आणि त्याच्या तीन लेकांना घराबाहेर काढलं. गावानं शपथ घेतली, ती जमीन कुणी घ्यायची नाही.

आजोबांनी घेतली, घरासकट. मर्टी स्कॅनलनी.

झालं. गावानं वाळीत टाकलं.

पाव मिळेना. लोहार घोड्याला नाल मारेना. आजी दिसली की लोकांची बोलणी थांबत.

त्यात आजोबा तापानं गेले.

आमच्याकडे मयताला त्याच्याच आडनावाची चार माणसं खांदा देतात. होनोरा आजी माझ्या आईला कडेवर घेऊन दिराच्या दारात गेली.

दीर, बॅट, आतूनच बोलला. "वहिनी, आधी जमीन सोडा. साहेब लंडनात बसून खातो, आणि त्याला साथ द्यायला आपलीच माणसं. अशानं देश सुटायचा कधी?"

"तुझा भाऊ आहे रे तो."

"म्हणून तर तोंड दाखवायची लाज वाटते."

आजी परतली. शवपेटीजवळ बसून रडली. मर्टीला आता पुरायचं कसं?

कुत्रं एकदम गप्प झालं...

दारावर थाप पडली.

चार पुरुष. खाली माना. अनवाणी. कपडे निथळत होते... बाहेर पाऊस नव्हता.

त्यांनी पेटी उचलली. आजी मागून निघाली. चिखलात बुटांचा आवाज येत होता...

फक्त तिच्याच.

बॅट आडवा आला. "कुठले स्कॅनल रे तुम्ही?"

"कुलोटी," म्हातारा म्हणाला. "आमच्या घरातून निघालाय. आम्हीच नेणार."

बॅट पांढराफटक पडला. हे बापलेक बेघर होऊन गेल्याच हिवाळ्यात सरकारी गरीबखान्यात मेले होते. चौघंही एकाच पाणथळ खड्ड्यात पुरलेले. ताप लागेल म्हणून गावातलं कुणी फिरकलं नव्हतं.

"आम्हाला खांदा मिळाला नाही, बॅट."

बॅटनं टोपी काढली आणि बाजूला झाला.

कबरीपाशी पेटी टेकली. आजी हात जोडून म्हणाली, "दादा, तुमचं घर परत घ्या. मी आजच निघते."



तिनं वर पाहिलं. कुणीच नव्हतं.

आजीनं घर सोडलं. गाव म्हणालं, आपण जिंकलो. टेकडीवर जाळ पेटवले. बॅट तिकडे गेला नाही.

ते घर अजून रिकामंच आहे. तिथून जाताना मी आजही झपाझप चालते. आजीला मात्र मरेपर्यंत एकच टोचणी होती. परत करते म्हणाले खरी, पण घ्यायला होतं कोण?