जनाबाईचं दार

पैज लागली मिशीवर. हिरालाल म्हने, जनाबाईचं दार रोज ओलं होते, त्याले पानी मारनारा डोमाच हाय. डोमा म्हनजे मी.

"दिवसभर तुह्या डोळ्यापुढं खाटेवर बसतो," मी म्हनलो. "दार ओलं नाही झालं तं माही मिशी. झालं तं तुही. भर चौकात."

"झाली!" हिरालालनं हातावर हात मारला. खोल्याइची सारी ओळ खिदळली. पुनर्वसनाच्या हापिसातल्या खुर्चीले खाजकुयरी लावनारा मानूस मीच, हे कोनाले ठाऊक नाही?

पन दाराले पानी मारू कुठून? नव्या गावठानात प्याले पानी नव्हतं. मुरमाच्या टेकडीवर सिमिटाच्या खोल्या, नळ कोरडे ठनठनीत, टँकर आला तं आला. आमचं जुनं गाव वैनगंगेच्या काठाले, धरनात जाऊन राहिलं होतं. निंगताना साऱ्याइनं आपापली दारं चौकटीसकट उपटून आनली. सागवान कोन सोडते? जनाबाईनं आपलं दार आनलं, नव्या भिंतीत बसवलं.

भाऊ तेवढा आनू देला नाही तिले.

चिंधू पायानं लंगडा, बिनलग्नाचा. बहीन रांडव झाली तवापासून दोघं एका चुलीवर. साहेब म्हने, बहीन अलग कुटुंब, भाऊ अलग कुटुंब. भंडाऱ्यातून गोंदिया फोडला तसे हे दोघं फोडले, आन चिंधूले खोली देली नदीपल्याडच्या वसाहतीत. मी जनाबाईसंगट खेटे घालून घालून चपला झिजवल्या. "नियमात बसत नाही." बस! तुह्या बापाचा नियम हाय का बे?

शेवटी चिंधू उठला आन जुन्या घरी, बिनदाराच्या भोकात जाऊन बसला. "जनीपाशी जागा द्या, तं हालतो." जनाबाई त्याले रोज डबा पोचवे.

तं पैजेचा दिवस. मी खाटेवर, हिरालाल समोर, विडीवर विडी. दारावर ऊन पडलेलं, फळ्या कोरड्या. इकडच्या तिकडच्या गोष्टी चालल्या होत्या. मंग उंबरठ्यापाशी लाकूड काळं पडलं.

हिरालाल माह्या हाताकडं पाहे. माहे हात मांडीवर.

ओघळ असता तं वरून खाली आला असता. हे खालून वर चढून राहिलं होतं. सरळ रेघ, टाक्यात पानी चढते तशी. मी आत जाऊन पाह्यलं, दाराची आतली बाजू कोरडी. हिरालालनं बाहेरून बोट लावून हुंगलं.

"डोमा, नदीचा वास येऊन राहिला बे."

तेवढ्यात जनाबाई टेकडी चढून आली. डबा भरलेलाच.

"रस्ता बुडाला रे बापू. न सांगता धरन अडवलं."

तिची नजर दारावर गेली. ती जवळ गेली, रेघेवर हात ठेवला.

"इथं त्याची कंबर येते," ती म्हनली.

मी हिरालालले फटफटीवर घेतलं आन हापिस गाठलं. पुराच्या वक्ताची नाव तिथंच, अंगनात, साखळीनं बांधलेली.

"साहेबाची सही लागन. साहेब नागपूरले," बाबू म्हने.

"मानूस बुडून राहिला!"

"तिथं कोनी नाही. आम्ही कागदावर गाव रिकामं दाखवलं हाय." मंग हासला. "काय डोमाभाऊ, आज कोनती खोडी?"

मी त्याचा टेबल उलटा केला. हिरालालनं गोटा घेऊन साखळीवर घाव घातले. शिपायाइनं आमाले धक्के मारून फाटकाबाहेर काढलं. दोन घोडे मिशीवाले, रस्त्यावर उभे राहून रडलो.

वापस आलो तं रेघ कडीच्या वर गेली होती.

सारी ओळ दारापुढं उभी.

मंग बाहेरची कडी वाजली. आमच्या साऱ्याइच्या डोळ्यापुढं. कडीले कोनाचा हात नव्हता.

जनाबाई म्हनली, "लावलेलं नाही रे चिंधू. ढकल."

दार आत गेलं.

फळ्या कोरड्या झाल्या. सकाळी होत्या तशा.

दुसऱ्या दिवशी सही आली, नाव गेली. जुन्या घरावर पानीच पानी. चिंधू भेटला नाही.

हिरालाल सोताच न्हाव्याले घेऊन आला. जनाबाईच्या दारापुढं, भर चौकात बसला. पोरंबाळं, बाया, सारे जमा झाले. कोनी हासलं नाही.

न्हावी वस्तरा धरून थांबला. "पैजेची काढू का सुतकाची?"



"पैजेचीच काढ," जनाबाई आमच्यातून बोलली. ती माह्या बाजूले जमिनीवर बसली होती. "सुतक कायचं? घरी आला ना तो."

वस्तरा फिरला. अर्धी मिशी खाली पडली तवा साहेबाची जीप आली. साहेब खाली उतरला नाही, खिडकीतूनच इचारलं.

"बाई, खोलीत एकटीच राहता ना? दुसरं कोनी ठेवता येनार नाही."



तिच्यामागं दार हळूच लागलं. आन आतून कडी पडली.