खिडकीतल्या प्लेटा

"माझ्या प्लेटा कुणी हलवल्या?"

सुकेशनीचा आवाज असा कडाडला की प्रयोगशाळेच्या सिंकपाशी फ्लास्क धुणारा उंच तरुण गर्रकन वळला.

"मी… कपाट रिकामं पाहिजे होतं. म्हणून काल खिडकीत ठेवल्या. मी योगीराज, पोखर्णीचा. नवीन आलोय."

"अन् आल्या आल्या माझा प्रयोग बुडवला!"

तो ओशाळून कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. तरी डोळे तिच्यावरून हलेनात.

तुरीच्या मुळांवरचे जिवाणू अतिनील किरणांखाली धरून ते तगतात का हे पाहायला ती प्लेटा कपाटातल्या अंधारात ठेवायची. दोनदा ते मेले होते. यंदा मात्र तिसऱ्या दिवशी प्लेटा पांढऱ्या ठिपक्यांनी गच्च भरल्या!

"बाहेरचे जंतू शिरले," तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी परीक्षक येणार. विषय सोड आता."

दोन वर्षांची मेहनत… सुकेशनीनं ओठ चावला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जिवाणू तिचेच होते!

"योगीराज, खिडकीत उजेड होता?"

"लय."

"उजेडानंच वाचले ते!" ती उठलीच. "किरणांनी डीएनएच्या शेजारशेजारच्या कड्या एकमेकींना चिकटतात. उजेड मिळाला की पेशीतलं एक एन्झाइम त्या सोडवतं. माझ्या जिवाणूंत ते हाय!"

दोघांनी पुन्हा मांडलं. सहा प्लेटा अंधारात, सहा उजेडात. प्लेट देताना बोटांना बोटं लागली…

"प्लेट सोडा की आता," ती म्हणाली.

"गार हाय. बरं वाटायलंय."

"परभणीत? मे महिन्यात?"

तो हसला. तिच्या गालांवर उगीचच ऊन आलं.

अंधारात प्लेटेमागं जेमतेम दहा-अकरा ठिपके उगवले. उजेडात, प्रत्येक प्लेटेत दोनशेच्या वर! शनिवारी परीक्षकांनी भिंग लावून स्वतः मोजले आणि म्हणाले, "बाई, हे छापा." मॅडमनी सगळ्यांदेखत तिला मिठी मारली. "चुकले गं मी."

बाहेर व्हरांड्यात मुलामुलींची गर्दी होती. योगीराज खांबापाशी उभा होता.

"शोधनिबंधात तुमचे आभार मानू ना?" तिनं विचारलं.

"आभारावर भागणार न्हाई, सुकेशनी. मी… जिंतूरला येऊ का? तुझ्या आईला भेटायला?"

"आधी मला तर विचार!"

"तू मला आवडतीस. पहिल्या दिवशी ओरडलीस ना… तवापासून."

"मग इतके दिवस गप का होतास?" असं म्हणत तिनं भर गर्दीत त्याचा हात धरला, आणि दोघं ताठ मानेनं पायऱ्या उतरले.