दहा मिनिटांची मुदत

मेलेला माणूस परत येत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. त्याने केलेली नेटवर्कची सेटिंग मात्र येते, आणि त्यावरूनच भाच्याचं डोकं सकाळपासून फिरलं होतं.

रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत, जिन्याखाली, जिथे पूर्वी झाडू-बादल्या असायच्या, तिथे लिनक्सवर चालणारं एक मशीन होतं. मागे दोन पोर्ट. एकात जुन्या इंटरनेट लाइनची वायर, दुसऱ्यात नवीची. सगळे रिपोर्ट या मशीनमधूनच बाहेर पडत. मशीन मामांनी उभं केलेलं. मामा गेल्या महिन्यात गेले आणि नोकरी भाच्याच्या गळ्यात आली. आजचं काम एवढंच, की जुनं पोर्ट बंद करून सगळा कारभार नव्यावर आणायचा. "आज झालं नाही, तर काम कंपनीला देणार," प्रयोगशाळेच्या मालकीण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणजे भाचा घरी.

त्याने जुनं बंद केलं, नवं चालू केलं. रिपोर्ट धावू लागले. दहा मिनिटांनी नवं आपोआप बंद, जुनं चालू.

"मामा!" भाचा दातओठ खात म्हणाला.

कारण ही मामांची खोड होती. एकदा घरून काम करताना ते ज्या पोर्टमधून मशीनमध्ये शिरले होते, तेच त्यांनी बंद केलं. बसल्या फांदीवर कुऱ्हाड. शर्टाची बटणं लावत अख्खं गाव ओलांडून यावं लागलं. तेव्हापासून काहीही बदलण्याआधी ते मशीनला सांगून ठेवत: दहा मिनिटांत मी येऊन 'हो' म्हटलं नाही, तर सगळं होतं तसं कर. शेवटच्या दिवशीही असंच सांगून ते चहाला उठले. जिन्याच्या वरच्या पायरीवर टेकले, ते टेकलेच. 'हो' म्हणायचं राहून गेलं.

ती आज्ञा शोधत भाच्याने मशीनचा कोपरान् कोपरा धुंडाळला. कुठेच नव्हती. त्याने मामींना फोन लावला.

"मामी, मशीनबद्दल मामा काही बोलले होते?"

"माझ्याशी? अरे, जन्मात कधी टीव्हीचा रिमोट दिला नाही मला."

त्याने डिस्कच काढून फेकली. कोरी घातली, सगळं नव्याने चढवलं. या डिस्कला मामांचा वारासुद्धा लागलेला नव्हता.

दहा मिनिटं. जुनं पोर्ट.

वर फोन खणखणत होते. बाई जिन्यातून ओरडल्या, "अहो, रिपोर्ट अडकतात, सुटतात, परत अडकतात! तिकडे पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर आहे! पोरखेळ लावलाय का?"

"जुनी वायरच उपटतो, बाई!"

उपटली. हातात धरून ठेवली. टोक कोमट होतं.

स्क्रीनवर जुनं पोर्ट: चालू. वायर: जोडलेली.

रिपोर्ट जात होते.

रागात असला की भाच्याला भीती वाटत नसे, म्हणून तो आणखी रागावला. त्याने 'हो' असं टाइप केलं. अशी आज्ञा नाही, असं मशीनने कळवलं.

"हो म्हणतोय ना, मामा! माझी नोकरी आहे आता ही! उठा!"

उत्तर आलं ते बाईंच्या चपलांचं. मागून कंपनीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात खोकं.

"सकाळीच सही केली मी," बाई म्हणाल्या. "तरी म्हटलं, तुम्हाला एक संधी द्यावी."

"सही झाल्यावर संधी? वा, बाई! वरात निघाल्यावर मुलगी बघायची!"

त्याने भिंतीतला प्लग हिसडून काढला. पंखा घरघरत थांबला. मशीन त्याने ट्रॉलीवर आदळलं. "घ्या. मामांसकट घेऊन जा."

वर सगळे फोन एकदम वाजू लागले.

कंपनीच्या माणसाने आधी चहा मागवला. बाई घड्याळाकडे बघत होत्या. भाचा बघत नव्हता. त्याला बघायची गरज नव्हती.

एक फोन थांबला. मग दुसरा. मग सगळेच.

"गेले हो!" वर रक्त तपासणारी मुलगी कठड्यावरून वाकून म्हणाली. "सगळे रिपोर्ट पोचले!"

"याला म्हणतात काम," डॉक्टरीणबाई भाच्याला ऐकवत म्हणाल्या.

कंपनीच्या माणसाने नम्रपणे मान तुकवली. त्याचं मशीन अजून खोक्यात होतं. वरची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती.