तांदळातलं नाव

१९६७ च्या सप्टेंबरात एका सकाळी यशोदा भाई पराडकरांच्या पडवीत येऊन बसली. पाण्याला हातही न लावता तिने एक पत्र पुढे केलं.

भाई मुंबईच्या पोलीसखात्यातून निवृत्त होऊन मालवणात परतले होते आणि आता लोकांची कोडी सोडवत. त्यांनी तिच्या नवऱ्याच्या जहाज कंपनीचं ते पत्र मोठ्याने वाचलं. ‘खलाशी सत्यवान १९ ऑगस्ट रोजी मुंबईत इस्पितळात वारले. नातेवाइकास बोलावण्याची मान्य विनंती नोंदीत नाही.’

“लोकां म्हणतत, तेंची मुंबैत दुसरी बायल होती, म्हणान माका बोलवक नाय,” यशोदा म्हणाली. “मेलेलो माणूस परत येवचो नाय, भाईनु. पण तेंनी माका बोलवल्यानी काय नाय, येवढा माका कळाक होया.”

भाईंचा मित्र गंगाराम जन्मभर दवाखान्यात कंपाउंडर. पुड्या बांधण्याची सवय हाडात मुरलेली. “ह्यात कोडा कसला? जावेन तार लपवल्यान!”

“आधी तार आली का, ते बघू,” भाई म्हणाले.

पोस्टमन महादूने सहीचं पुस्तकच समोर टाकलं. “पाच म्हयन्यात त्या घराक तार नाय. सही घेतल्याबिगर मी कोणाक देनय नाय.”

जाऊ नर्मदा चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. “मी कित्या लपवू? लहानपणापासून एकमेकांर जीव सत्यवानाचो नि तिचो. लग्नात तेच्या दोस्तान, शंकरान तांदळाचा ताट धरल्यान, सत्यवानान आंगठेन यशोदा नाव लिवल्यान. पण हाक मारी ती म्हायेरच्याच नावान. तुळसा! सासूबाय सांगान सांगान दमली.”

तो शंकर आता कंपनीच्या मालवणातल्या कचेरीत कारकून होता. खुर्चीवर बसला की त्याची भाषा बदलायची.

“मुंबईला आता यंत्र आलंय, भाई. भोकं पाडलेली कार्डं घालायची, ते निकाल देतं. चूक होत नाही. चौदा दिवस इस्पितळात पडून होता, बोलवायचंच असतं तर त्याने बोलावलं नसतं?”

“खरं आहे,” भाई म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते यशोदा आणि गंगारामला घेऊन पुन्हा कचेरीत आले.

“पत्रात ‘मान्य विनंती नाही’ असं आहे,” भाईंनी सुरुवात केली. “म्हणजे विनंती झाली होती, ती अमान्य झाली. का? कंपनीच्या कार्डावर बायकोचं नाव यशोदा. तापात माणूस सरकारी नाव घेत नाही, रोजचं घेतो. त्याने तुळसाला बोलावलं. यंत्राने दोन नावं ताडून पाहिली, जुळली नाहीत.”

“म्हंजे चूक मशीनाची,” गंगारामने निकालाची पुडी बांधली.

“यंत्राला कोण यशोदा, कोण तुळसा? म्हणूनच मुंबईने गावातल्या माणसाला विचारलं असणार. पत्रात फक्त मरणाची तारीख आहे. शंकर, चौदा दिवस तुम्हाला कुठून कळले? ती चिठ्ठी काढा.”

शंकरने खण उघडला. चिठ्ठीवर छापील ओळ होती: ‘इस्पितळात दाखल ५ ऑगस्ट. वारस जुळत नाही. स्थानिक चौकशी करून शेरा द्यावा.’ खाली शाईने लिहिलं होतं, ‘पडताळले. बरोबर.’ शेजारी शंकरची सही. तारीख नऊ ऑगस्ट.

“दहा दिवस हातात होते,” भाईंचा आवाज चढला. “हिचं घर इथून पाव तासावर. दोन्ही नावं ठाऊक असलेला कंपनीतला एकटा माणूस तुम्ही, तांदळाचं ताट धरलेला!”

“मशीनान सांगल्यान तां खोटा कसा म्हणतलंय?” कचेरीची भाषा शंकरच्या तोंडून गळून पडली. “माका वाटला, मुंबैवाल्यांनी बघल्यानी आसतला. रोज पन्नास चिठ्ये येतत. मी तेव्हा वाचूकच नाय, भाईनु. नुसती सही केलंय. तो गेल्याची खबर इली, तेव्हा काडून वाचलंय.”

यशोदाला त्यातलं काही ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिने चिठ्ठी हातात घेतली. तिला अक्षरओळख नव्हती.

“तेंचा बोलणा खंय लिवलासा?”

भाईंनी सगळ्यात वरच्या ओळीवर तिचं बोट ठेवलं आणि वाचलं, “‘रोगी वारंवार सांगतो, तुळसाला बोलवा, ती येईल.’”

ती रडली, पत्र आल्यापासून कोंडलेलं सगळं रडली. गंगारामने तोंड फिरवून डोळे पुसले.

शंकर पुढे आला. “तुळसा, माका माफ कर गो.”

तिने मान वर केली.

“यशोदा म्हणा. तुमच्या कार्डार तांच आसा. जो माका तुळसा म्हणान हाक मारी, तेका तुमी माझी वाट बघूक लावन मारल्यात.”

चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधून ती एकटीच घरी गेली.