चार नंबरची नोंदवही

निघोज्याच्या आमच्या कारखान्यात रिपोर्ट कसा लिहायचा हे मी शिकवते. काय झालं, किती वाजता, कोण होतं, मग काय केलं, बस्स. "मशीनने त्रास दिला" असं कोणी लिहिलं की मी विचारते, मशीन काय तुझी सासू आहे? पोरं हसतात आणि पुन्हा तेच लिहितात.

पत्रा दाबणाऱ्या प्रत्येक प्रेसजवळ एक नोंदवही असते. दिवसभरात घडेल ते ऑपरेटरने लिहायचं, आणि साडेतीनला शिफ्ट संपली की मी वाचून "पाहिले" लिहून सही करायची. पण साडेतीनला साहेबांची मीटिंग असते. म्हणून सहा वर्षं मी सकाळी नऊलाच, पान कोरं असताना, सह्या उरकते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

सोमवारी चार नंबरच्या वहीवर सही करताना पेन अडलं, म्हणून नजर वर गेली. पान कोरं नव्हतं.

"१२.१०. तेलाची नळी फुटली. प्रेस बंद केली. किसनने नळी बदलली. १२.३५ ला सुरू."

"समाधान! रिपोर्ट आधीच भरून ठेवतोस?" मी ऑपरेटरला विचारलं.

"आईशप्पथ मॅडम, मी नाय लिहिलं. माझं अक्षर असलं असतं तर मी बँकेत नसतो का लागलो?"

खरं होतं. गोल, निळं, शांत अक्षर.

त्या दुपारी खरंच बारा दहाला नळी फुटली. किसन मेंटेनन्समधून आला. बारा पस्तीसला प्रेस सुरू झाली.

मला भीती वाटायला हवी होती. पण मी वहीकडे बघतच राहिले. सहा वर्षं मी जसा मागत होते तसा रिपोर्ट कोणीतरी लिहिला होता. एक शब्द जास्त नाही.

बुधवारी नऊला मी धावतच गेले.

"२.४०. वीज बंद असताना प्रेस खाली आली. समाधानचा उजवा हात"

पुढे काही नव्हतं.

याच प्रेसवर तीन वर्षांपूर्वी खंडूची दोन बोटं गेली होती. चौकशीचा रिपोर्ट माझाच: "कसलीही पूर्वसूचना नव्हती." खंडू आता स्टोअर सांभाळतो.

अडीचला मी मेन स्विच पाडला आणि समाधानला पिवळ्या पट्ट्याबाहेर ओढलं.

"मॅडम, टार्गेट राहील. साहेब बोंबलतील."

"बोंबलू दे. हात खिशात घाल. दोन्ही."

दोन चाळीस.

प्रेस एका दमात खाली आली. पायाखालची जमीन हादरली.

"आई गं," एवढंच समाधान म्हणाला.

वही समोरच होती. तिच्याजवळ कोणीही गेलं नव्हतं. अर्धं राहिलेलं वाक्य पुरं झालं होतं.

"खिशात होता."

शाई ओली होती. माझे हात आपोआप जोडले गेले.

मग मला खंडू आठवला. मी स्टोअरमध्ये गेले. त्याने तीन बोटांनी जुनी वही काढून दिली.

"काय बघताय, मॅडम?"

मी त्याच्या अपघाताची तारीख काढली. तेच गोल, निळं अक्षर.

"१.०५. प्रेस आपोआप खाली आली. खंडूची दोन बोटं"

त्या शब्दांवरूनच सकाळी नऊला केलेल्या माझ्या सहीची शेपटी गेली होती. "पाहिले."

"गेली" हा शब्द माझी सही चुकवून, पलीकडे लिहिला होता.