भिंतीवरचा पेशंट

लॉरेटा ब्रझेस्की पोटापाण्यासाठी लोकांचे श्वास तपासायची. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडल्या एका गावात तिची कंपनी झोपेत श्वास अडकणाऱ्यांना हवेची मशीनं भाड्याने द्यायची. रात्री नाकावर मास्क चढवायचा, मशीन हवा लोटतं, माणूस घोरायचा थांबतो आणि बायको पुन्हा त्याच खोलीत झोपायला येते. भाडं विमा कंपनी भरायची, पण पेशंटने मशीन खरोखर वापरलं तरच. म्हणून मशीन श्वास न् श्वास घरच्या वायफायवरून ऑफिसात पोचवायचं आणि लॉरेटा आलेख बघून 'वापर झाला' असा शेरा मारायची. शेरा नाही तर भाडं नाही, आणि भाडं नाही तर मशीन परत.

मास्क कुणालाच आवडत नाही. मग कोणी तो उशीला बांधायचं, कोणी भोपळ्याला. एका गृहस्थाने तो आपल्या लॅब्रेडॉरला बांधला होता. लॉरेटाने त्याला फोन करून गोड आवाजात विचारलं, "कुत्रा बरा झोपतोय ना?" तेव्हापासून ऑफिसात तिचा दरारा होता.

हार्लन नेस्विकच्या आलेखाने मात्र तिची पंचाईत केली. वापर एकदम आदर्श, एकही खाडा नाही. पण श्वास माणसाचा वाटेना. कुत्र्याचाही वाटेना. लांब, खोल यायचा आणि मध्येच थांबायचा. थांबला की इतका थांबायचा, की पडद्याकडे बघता बघता लॉरेटाच गुदमरायची.

हार्लन दुधाचा टँकर चालवायचा. या आजाराच्या ड्रायव्हरला तिचा शेरा दाखवल्याशिवाय डॉक्टर गाडी चालवायचा दाखला देत नसत, आणि त्याच्या दाखल्याची मुदत संपत आली होती. नकार लिहिला तर त्याचा टँकर जाणार. होकार लिहिला आणि त्याला चाकावर डुलकी लागली, तर टँकरसकट हार्लन जाणार. नियमाप्रमाणे नकार लिहून ती मोकळी झाली असती. पण हा श्वास घेतंय तरी कोण, हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागेना. तिने गाडी काढली.

शिकारीचा हंगाम होता. पंपावर, दुकानात, चर्चच्या पायरीवर जो तो नारिंगी जाकिटात, हरीण समजून कुणी गोळी घालू नये म्हणून. नेस्विकांच्या दारात आर्डिसने, हार्लनच्या बायकोने, तिला हाताला धरून आत नेलं. कॉफीआधी कामाचं बोलणं म्हणजे त्या भागात भांडण उकरून काढणं. म्हणून स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या जुन्या फोनखाली बसून, लॉरेटाने आधी रुबार्बच्या आंबट देठांच्या केकचे दोन तुकडे खाल्ले. तिथे मोबाइलला रेंज नव्हती. मग तिने मशीन कुठे आहे ते विचारलं.

समोर बसलेल्या हार्लनचे कान लाल झाले. तो उठला आणि घराच्या पार दुसऱ्या टोकाला, बाहेरच्या खोलीत तिला घेऊन गेला.

भिंतीवर हरणाचं मुंडकं होतं. फाटे फुटलेली शिंगं, काचेचे डोळे. आणि नाकावर, पट्टे आवळून नीट बसवलेला मास्क.

"उशीला बांधला की हवा गळते," हार्लन म्हणाला. "याच्या थोबाडाला अगदी बेतून शिवल्यासारखा बसतो. मला त्यात जीव घाबरा होतो हो. आणि मशीनला काय कळतंय, हवा कुठे जातेय ते."

"मशीनला सगळं कळतं," लॉरेटा म्हणाली. "आत काय आहे याच्या?"

"फोम. ठासून भरलाय. मीच मारला होता. गोळी फुप्फुसात लागली होती, तरी मेलं चालतच राहिलं."

लॉरेटाला हसू येत होतं. फॉर्मात पेशंटचं वजन विचारतात, मानेचा घेर विचारतात. जात कुठली, माणसाची की हरणाची, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मशीन चालू करून दाखवा, असं तिने सांगितलं. हार्लनने बटण दाबलं.

हवा सुरू झाली. ती मशीनच्या छोट्या पडद्यावर आलेखाची वाट बघू लागली.

श्वास आला. लांब, खोल.

मग थांबला.

लॉरेटाने मास्कवर बोट ठेवलं. प्लॅस्टिक आतून वाफेने धूसर झालं होतं.

"पट्टा रोज मीच आवळते," दारातून आर्डिस हळूच म्हणाली. "सैल झाला की घरघरतं ते."

हार्लनने बायकोकडे असं पाहिलं, जणू ती घरात नव्याने आलीय.

लॉरेटाने स्वतः मास्क काढला, सिंकमध्ये धुतला आणि हार्लनच्या हातात दिला. आजपासून हा तुमच्या नाकावर, तुमचा श्वास दिसला की शेरा, तोवर मी फाइल दाबून ठेवते, असं तिने बजावलं. हार्लनने मान डोलावली. त्याची नजर भिंतीकडे काही वळेना.

त्याने शब्द पाळला. आलेखावर साधासुधा, कुरकुरणारा, कूस बदलणारा माणूस उमटू लागला. लॉरेटाने आनंदाने शेरा मारला. दाखला मिळाला, टँकर वाचला.

बर्फ पडायला लागल्यावर एका दुपारी आर्डिसचा फोन आला. आधी हवापाणी झालं, मग लेकीसुना झाल्या. मग तिने विचारलं, घरात दुसरं मशीन भाड्याने मिळेल का.

"हार्लनचं बिघडलं की काय?"

"छे, तो छान झोपतो. आत्ता टँकर घेऊन गेलाय. पण भिंतीवरच्याला झोप नाही हो, लॉरेटाबाई. आता दिवसासुद्धा."

डॉक्टरची चिठ्ठी लागेल, असं काहीतरी थट्टेचं लॉरेटाच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिला लांबून, घराच्या दुसऱ्या टोकाकडून, ऐकू आलं. लांब, खोल. मग थांबलं.

लॉरेटाने फोन कानाशी दाबून धरला.

थांबलेलंच राहिलं. लॉरेटाची छाती दुखायला लागली, तेव्हा कुठे श्वास आला. ओला, ऊन. आणि या खेपेला लांबून नाही, रिसीव्हरच्या अगदी तोंडाशी.

"आर्डिस," लॉरेटाने विचारलं, "तुम्हीच ना?"

"मी तर कधीची श्वास रोखून उभी आहे," आर्डिस पुटपुटली.